पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न



कापसाचा भाव सोडून आज मोबाईलवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखात मोबाईलवरच्या खोट्या बातमीने पाच माणसांचा जीव घेतला आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. पोरं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. मंगळवेढ्याच्या बाजूचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत तिथे आले. जमावाने त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाच जण गेले. टोळी नव्हतीच. २०२४ साली न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

डवरी गोसावी आपल्याला परके आहेत का? सुगी झाली की ते दारात येतात, मायबहिणी त्यांच्या झोळीत ज्वारी घालतात. पिढ्यांची ही ओळख एका निरोपाने पुसली.

त्याच वर्षी देशभर एक चित्रफीत फिरली. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवलेली. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तेवढाच भाग कोणीतरी कापून टाकला!

पुढे पाठवणारी बहुतेक पोरं काही वाईट नव्हती. आपण गावाला सावध करतोय, असंच त्यांना वाटलं. म्हणून 'खोटं पाठवू नको' एवढं सांगून भागत नाही, कारण त्याला ते खोटं वाटतच नाही. बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर बघतो, पावती मागतो. तसं निरोपाला विचारायला शिकवा: कुठल्या गावचं? कुठल्या तारखेचं? डोळ्यांनी कोणी पाहिलं? गावाचं नाव असेल तर तिथल्या कार्यकर्त्याला फोन करा. उत्तर मिळेना, तर निरोप आपल्यापाशीच थांबवा. जुलै २०१८ मध्ये कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली खरी, पण तेव्हा पाच गट म्हणजे पाच गावं झालीच की!

मोबाईल मात्र हिसकावून घेऊ नका. बाजारभाव, हवामान, मोर्चाचा सांगावा त्यावरच येतो. आणि खोटं पाठवण्यात मोठी माणसंही मागे नाहीत, हे पोरांना चांगलं माहीत आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन पोरं-पोरी आणाव्यात. त्यांच्या मोबाईलवर आलेला एकेक निरोप सगळ्यांसमोर तपासू. सुरुवात कापूस खरेदीच्या निरोपापासून करू.