सरासरीवर भरवसा केव्हा ठेवावा?



अंधेरी-बोरिवलीकडचा माणूस घड्याळाच्या काट्यावर जगतो. समजा, त्याची सकाळची लोकल एक दिवस अगदी वेळेवर येते, दुसऱ्या दिवशी 10 मिनिटे उशिरा, आणि हे असेच आलटूनपालटून चालते. पुष्कळ दिवसांचा हिशेब केला तर सरासरी उशीर 5 मिनिटे! पण 5 मिनिटे उशिरा गाडी कधी आलीच नाही. सरासरीवर विसंबून फलाटावर जाणाऱ्याची गाडी दिवसाआड चुकायचीच.

आकड्यांच्या अशा न संपणाऱ्या रांगेला गणितात क्रमिका म्हणतात. क्रमिका एखाद्या संख्येपाशी स्थिरावत गेली, तर तिची सरासरीही तिथेच जाते. उलट मात्र होईलच असे नाही. मग सरासरी स्थिरावली यावरून क्रमिकाही स्थिरावली, असे केव्हा म्हणावे?

इंग्रज गणिती हार्डी यांनी 1910 साली याचे एक उत्तर दिले : बदल पुरेसा सावकाश होत असेल तेव्हा. हजाराव्या दिवशी उशिरातला फरक मिनिटाच्या हजाराव्या भागाहून अधिक नको, लाखाव्या दिवशी लाखाव्या भागाहून अधिक नको.

हे का, ते पाहू. सरासरी 5 वर टेकली आहे, पण हजाराव्या दिवशी गाडी 7 मिनिटे उशिरा आली, असे धरा. फरक इतका सावकाश, की पुढच्या हजार दिवसांत उशीर एका मिनिटानेही उतरणार नाही. तो 6 च्या वरच राहील. म्हणजे दोन हजार दिवसांची सरासरी साडेपाचाच्या वर गेली! टेकलेली सरासरी अशी हलेल कशी? तेव्हा असे प्रसंग पुन्हापुन्हा येणे शक्य नाही. लहानसहान चुकीलाही हाच न्याय.

आता कुणी म्हणेल, फरक नुसता कमी कमी होत गेला तर पुरे नाही का? नाही. दहा लाखाव्या दिवसाच्या सुमारास फरक हजाराव्या भागाएवढा असेल, तर 2 मिनिटांची चूक दोन हजार दिवसांत भरून निघते. दहा लाखांपुढे दोन हजारांची काय कथा? सरासरीला पत्ताही लागत नाही.

हा विषय आपल्या मुंबईलाही परका नाही. चंद्रशेखरन् व मीनाक्षिसुंदरम् यांचा अशा सरासरींवरचा ‘टिपिकल मीन्स’ हा ग्रंथ टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या ग्रंथमालेत 1952 साली निघाला.

शिक्षकबंधुभगिनींनो, एका चाचणीत 20, दुसरीत 80, अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात आपण 50 लिहितो. त्या 50 मध्ये ते मूल कुठेच नसते. सरासरी जरूर काढा. पण तिच्याआडचे आकडे किती उड्या मारतात, हेही एकदा पाहा.