आल्याचे बेणे पारखून घ्या

आल्याला बी धरत नाही. कंदच लावावा लागतो. म्हणजे मागच्या वर्षीचाच गड्डा पुन्हा वाढतो, आणि त्यात कंदकूज असली तर तीही शेतात येते. भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला पाऊस दांडगा. साचलेल्या पाण्यात कूज झपाट्याने पसरते. म्हणून स्वस्त मिळाले तरी अनोळखी बेणे नको. पीक उभे असतानाच निरोगी जागा खुणेने राखा, पिवळी पडलेली सोडा. तुकडा २५ ते ४५ ग्रॅमचा, दोन-तीन फुगीर डोळ्यांचा असावा. कापताना आत मऊ, काळसर दिसले तर गड्डा फेका, विळा उकळत्या पाण्यात बुडवा, मगच पुढचा घ्या. लागवड गादीवाफ्यावर, चर उताराला मोकळे. गुटीचेही तेच: तेलकट डागाच्या डाळिंबावर गुटी बांधली तर रोग रोपाबरोबर नव्या बागेत जातो.