धान्याविना केळ्याचा खाऊ



आज आपल्याशी एका खाऊविषयी बोलायचे आहे. खाऊ म्हणजे किरकोळ विषय, असे कुणी म्हणेल. पण ज्यांनी शाळेत शिकवले आहे त्यांना विचारा. मधल्या सुट्टीतला डबा ही मुलांच्या दृष्टीने दिवसातली केवढी मोठी गोष्ट असते, ते त्यांना ठाऊक आहे.

माझ्या बहिणीची एक नात आहे. सहा वर्षांची होईतो पोर अंगाला लागेना. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, दर दोन दिवसांनी जुलाब. जंत झाले असतील, नजर लागली असेल, असे जो तो सांगे. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासले, आतड्याचा बारीकसा तुकडा तपासला आणि सांगितले, हिला सिलिॲक आहे, गहू कायमचा बंद. गहू बंद झाला आणि काही महिन्यांत मूल हसू-खेळू लागले. पण 15 ऑगस्टला शाळेत बिस्किटे वाटली, तेव्हा ती दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली. घरी येऊन एवढेच म्हणाली, "आजी, सगळ्यांना चालेल असं काही नसतं का गं?"

त्या प्रश्नापायी मी हा खाऊ शिकले.

आता हे सिलिॲक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे एक प्रथिन असते. कणीक मळली की ती चिवट होते, ताणली जाते, ती याच प्रथिनामुळे. काही थोड्या माणसांच्या शरीराला ते सोसत नाही. आतड्याचे आतले अस्तर झिजते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

याचा शोध कसा लागला ती हकिकत ऐकण्यासारखी आहे, आणि तिचा आपल्या केळ्याशी संबंध आहे बरं का! न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी 1924 साली असे प्रसिद्ध केले, की अशा दहा आजारी मुलांपैकी आठ मुलांना त्यांनी केळ्याच्या आहारावर ठेवले आणि ती सुधारली. पाव, बिस्किटे, सगळी धान्ये त्यांनी बंद केली होती. लोकांना वाटले, गुण केळ्याचा! पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला. तिथले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. बाकीची जनता उपासमारीने खंगत होती, तेव्हा ही आजारी मुले मात्र सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा बिघडली. डिके यांनी 1950 साली आपला प्रबंध लिहिला आणि केळ्याचे कोडे सुटले. केळ्याने रोग बरा केला नव्हता. केळे खाताना गहू पोटात जात नव्हता, एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. धान्य वगळणे हे ज्याला लागेल त्याचे पथ्य आहे. ते पुण्य नव्हे. ज्यांना गहू सोसतो त्यांनी पोळी सोडण्याचे कारण नाही. आणि ज्वारी-बाजरीत तर हे ग्लुटेन नसतेच. तेव्हा भाकरीवर राग धरू नका!

आता कृतीकडे वळू. शहरातल्या बेकरीत वाटीएवढे छोटे केक मिळतात, त्यांना मफिन म्हणतात. ते मैद्याचे असतात. आपण ते केळी आणि शेंगदाणे घेऊन करणार आहोत.

साहित्य लिहून घ्या. चांगली पिकलेली मध्यम केळी तीन. सालीवर काळे ठिपके पडलेली असली तर उत्तम. केळे पिकते तशी त्यातल्या पिठाची साखर होते. शिवाय जळगावकडे अशी केळी बाजारात कुणी विचारीत नाही, ती कारणी लागतात. भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचे कूट दीड वाटी. शिंगाड्याचे पीठ अर्धी वाटी. दोन अंडी. तेल किंवा तूप एक मोठा चमचा. चिरलेला गूळ दोन-तीन चमचे, आणि केळी गोड असली तर तोही नको. खायचा सोडा अर्धा लहान चमचा, लिंबाचा रस एक लहान चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड.

दाणे पूर्ण गार झाल्यावरच कुटा. गरम दाणे कुटले तर तेल सुटते आणि खाऊ जड होतो. केळी हाताने कुस्करा. त्यात गूळ, अंडी आणि तेल घालून चांगले फेटा. मग कूट, पीठ, मीठ आणि सोडा मिसळा. पीठ इडलीच्या पिठाइतके दाट हवे. लिंबाचा रस सर्वांत शेवटी घाला आणि लगेच भाजायला ठेवा. सोडा आणि आंबट एकत्र आले की वायू सुटतो आणि त्यानेच पीठ फुगते. माझा पहिला घाणा फुकट गेला तो याच चुकीने. पीठ कालवून ठेवले आणि पाहुण्यांशी बोलत बसले. गोवऱ्या झाल्या गोवऱ्या!

अंडे का घालायचे? गव्हाच्या कणकेत ग्लुटेन हा वायू धरून ठेवते. इथे ते नाही, म्हणून ते काम अंडे करते. अंडे चालत नसेल तर जवसाची पूड दोन मोठे चमचे घ्या, सहा चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवा, बुळबुळीत झाली की ती घाला. खाऊ थोडा दडस होतो, पण चवीला छान लागतो. जवस म्हणजे अळशी. जव नव्हे, हे विसरू नका.

भाजायला भट्टी पाहिजेच असे नाही. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवा. स्टीलच्या वाट्यांना तूप लावून त्या दोन-तृतीयांश भरा, आत ठेवा, झाका. मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे लागतात. कोरडी काडी खुपसून पाहा, स्वच्छ निघाली की झाले. त्याहून सोपे म्हणजे आप्पेपात्र. झाकण ठेवून मंद आचेवर एक बाजू, मग उलटून दुसरी. वाटीतला खाऊ दहा मिनिटे निवल्यावरच काढा, नाहीतर मोडेल. फळाचा ओलावा असतो, तेव्हा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम एक. म्हणून नुसत्या केळ्यापेक्षा ही जोडी मुलाच्या पोटाला अधिक आधार देते. मात्र गूळ म्हणजेही साखरच. तो हात राखूनच घाला.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. बुरशी आलेले, काळपट, कडू दाणे काढून टाका. बुरशीचे विष भाजून पुरते जात नाही. काही मुलांना शेंगदाणाच सोसत नाही, तेव्हा वर्गात वाटण्यापूर्वी घरी विचारून घ्या. शिंगाड्याचे पीठ गिरणीत गव्हाच्या मागून दळलेले असेल तर त्यात गहू आलाच. पथ्याच्या मुलासाठी शिंगाडे घरीच दळा. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. आणि उपवासाचे म्हणजे धान्याविना, असेही समजू नका. वरी हे धान्यच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात एखादे मूल सतत पोट धरून बसत असेल, वाढ खुंटलेली असेल, अंगात रक्त कमी असेल, तर आईबापांना डॉक्टरांकडे धाडा. पण तपासणीआधी गहू बंद करू नका म्हणावे. गहू आधीच सोडला तर तपासणीत रोग दिसत नाही.

परवा 26 जानेवारीला आमच्या शाळेत चाळीस मुलांसाठी हा खाऊ केला. केळी एका पालकाच्या बागेतली, दाणे दुसऱ्याच्या शेतातले, आप्पेपात्रे पाच घरची. आमच्या नातीने रांगेत उभे राहून आपला वाटा घेतला, आणि आणखी एक मागितला.