बोअरचा पाइप, खायचा सोडा आणि आपली मालगाडी

आपल्यातल्या काही गटांनी जुन्या चारचाकी मालगाड्या घेतल्या आहेत. कळमना बाजारात भाजी न्यायची, परत येताना किराणा आणायचा. पण गाडी वाटेत बंद पडली की भाजी सुकते, भाडं बुडतं आणि "बायकांनी गाडी घेतलीच कशाला?" हे ऐकावं लागतं ते वेगळंच. म्हणून घरच्या वस्तूंनी गाडी कशी सांभाळायची, हे आम्ही मिस्त्रींना विचारून आणि करून पाहून शिकलो.

पंक्चर झालं की आधी अडतो तो चाकाचा नट. गॅरेजमध्ये तो मशीननं आवळलेला असतो, आपल्या हाताला दाद देत नाही. आम्ही बोअरच्या जुन्या लोखंडी पाइपचा दोन हात लांब तुकडा ठेवलाय. तो पान्याच्या दांड्यावर चढवायचा. दांडा दुप्पट लांब झाला की जोरही दुप्पट लागतो. पहारीनं धोंडा उलथवतो तसंच हे. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, जॅक नंतर. उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. मऊ मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड सागवानी फळी. एका ताईंनी पोळपाट आणला होता, त्याचे पाय मोडले! आणि नट परत आवळताना पाइप लावायचा नाही, आटे जातात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर कुणीही शिरायचं नाही, अगदी मिनिटभरही.

सकाळी गाडी चालू होत नसेल तर बॅटरीची टोकं बघा. पांढरा-हिरवा थर असला तर करंट नीट जात नाही. आधी वजा खुणेची तार काढा, मग अधिकची. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा. सोडा ॲसिड मारतो. पुसून कोरडं करा, तारा उलट क्रमानं लावा, वरून थोडं व्हॅसलीन. हातातल्या धातूच्या बांगड्या मात्र आधी काढून ठेवा. बांगडी दोन्ही टोकांना टेकली तर ठिणगी उडते आणि मनगट भाजतं. पदर खोचलेला हवा, ओढणी काढलेली. चालत्या इंजिनाचा पट्टा कापड ओढून घेतो.

आता उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा कित्येकदा 45 च्या वर जातो. काटा लालवर गेला की गाडी सावलीत लावा, इंजिन बंद करा आणि चांगला अर्धा-पाऊण तास थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत कुकरसारखा दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गळती असली तर काही ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. त्यानं बारीक भोक तात्पुरतं बुजतं खरं, पण गाळ आतल्या नळ्यांत बसतो आणि पुढचा खर्च वाढतो. आमचं मत विचाराल तर हळद वरणातच बरी.

इंधनाच्या टाकीला बारीक चीर गेली तर कपडे धुवायच्या साबणाची वडी घासून भरा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंत जाता येतं. आसपास कुणी विडी पेटवू नये, एवढं बघा.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवत असतील. त्यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून मोटार बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं. तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. हुन्नर अस्सल होता, तरी रस्त्याचे नियम वेगळे.

आम्हीही तीच रेघ ओढली आहे. ब्रेक आणि स्टिअरिंगला जुगाड लावायचा नाही. ब्रेकचं तेल कमी झालं म्हणून इंजिनचं तेल ओतलं, तर आतलं रबर फुगतं आणि ब्रेक लागत नाही. तिथं गाडी उभी करायची, मिस्त्रीला बोलवायचं, भाजीचं काय व्हायचं ते होवो.

आमची पेटी म्हणजे तेलाचा रिकामा डबा: पाने, पक्कड, पेचकस, पाइप, फळी, सोडा, साबण, ट्यूबच्या पट्ट्या, पाण्याचा कॅन. गटाच्या मालमत्तेत तिची नोंद केली आहे. कारण शेजारचे टेम्पोवाले भाऊ आता आमचाच पाइप मागायला येतात, आणि परत द्यायचं विसरतात.