संदेशांची रांग आणि थ्रेडची शिस्त

बँकेतील एका संगणकाने खात्यातून रक्कम वजा करावी आणि दुसऱ्याने ती अन्यत्र जमा करावी, हा व्यवहार आता नित्याचा झाला आहे. परंतु हे दोन्ही संगणक एकाच क्षणी मोकळे, किंबहुना चालू असतील, याची हमी नसते. म्हणून दोहोंमध्ये एक मध्यस्थ प्रणाली उभी केली जाते. पाठवणारा तिच्याकडे संदेश सोपवून आपल्या कामाला लागतो; संदेश रांगेत थांबतो; घेणारा तो सवडीने उचलतो. आय.बी.एम.ची १९९३ मधील 'एमक्यूसीरिज' ही या जातीची गाजलेली प्रणाली होय. एका टोकाला कोबोलमधील जुना प्रोग्रॅम आणि दुसऱ्या टोकाला सी भाषेतील नवा, अशी जोडी तिने जुळवून दिली.

भाषाभेदाचा हा प्रश्न पुढे दोन निराळ्या वाटांनी हाताळला गेला. 'जावा मेसेज सर्व्हिस' या प्रमाणकाने जावामधील प्रोग्रॅमने प्रणालीशी कसे बोलावे, एवढेच ठरवले. उलट, २००३ मध्ये जे.पी. मॉर्गन चेस या बँकेत आरंभ झालेल्या 'एएमक्यूपी'ने तारेवरून जाणाऱ्या मजकुराचीच रचना बांधून दिली. ती पाळणारी, २००७ साली आलेली 'रॅबिटएमक्यू' स्वतः एर्लँग भाषेत लिहिलेली आहे. पण तिच्याशी व्यवहार करणाऱ्याला एर्लँगचे एक अक्षरही यावे लागत नाही.

एवढ्याने भाषेचा अडसर संपला, असा समज होतो. तो अपुरा आहे. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओघांना थ्रेड म्हणतात, आणि खरी अडचण तेथे आहे. जावाच्या प्रमाणकानुसार प्रणालीशी केलेली जोडणी अनेक थ्रेडना सामाईक चालते. त्या जोडणीतले सत्र मात्र एका वेळी एकाच थ्रेडने वापरावे लागते. हा नियम कोरडा वाटतो खरा. परंतु समजा, एका सत्रातून दोन थ्रेडनी दोन संदेश उचलले. पहिल्याचे काम उरकले व त्याने पोच दिली. प्रोग्रॅमने स्वतः पोच देण्याच्या पद्धतीत ती पोच त्या सत्राने तोवर घेतलेल्या सर्व संदेशांना लागू पडते. त्याच क्षणी वीज गेली, तर दुसऱ्याच्या हातचा संदेश अर्धवट राहतो आणि पुन्हा दिला जात नाही. प्रणालीच्या लेखी त्याची पोच मिळालेली असते. वजा झालेली रक्कम कोठेच जमा होत नाही. तक्रार कोणी करीत नाही, हिशेब तेवढा जुळत नाही. आणि असली चूक पुन्हा घडवून दाखवणे फार कठीण असते.

तारेवरची रचना एक असली, तरी ही शिस्त भाषेगणिक बदलते. रॅबिटएमक्यूच्या जावा लायब्ररीत जोडणी सामाईक ठेवून प्रत्येक थ्रेडला तिच्यातील स्वतंत्र वाहिनी द्यावी लागते. पायथनच्या 'पिका' लायब्ररीत जोडणीच सामाईक चालत नाही. दुसऱ्या थ्रेडला पोच द्यावयाची असेल, तर त्याने ते काम जोडणी सांभाळणाऱ्या थ्रेडकडे टिपून ठेवावे आणि त्याने ते यथावकाश करावे, अशी सोय आहे. म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटातही पुन्हा एक छोटी रांगच उभी राहते.