उत्क्रांती आणि योगायोग
(शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा सारांश)



उत्क्रांती म्हणजे मानवापर्यंत चढत जाणारा सरळ जिना, अशी समजूत रूढ आहे. कॅनडातील बर्जेस शेल येथील जीवाश्म तिला धक्का देतात. चार्ल्स वॉलकॉट यांना ते १९०९ साली रॉकी पर्वतात सापडले. सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाळाखाली अकस्मात गाडले गेल्यामुळे मऊ शरीराच्या प्राण्यांचेही ठसे तेथे टिकले.

त्यांत पाच डोळ्यांचा ओपाबिनिया आहे. तशी शरीररचना आज कोठेही आढळत नाही. त्याच खडकांत सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा पिकाइया आहे. तो पृष्ठवंशीयांचा प्राचीन आप्त मानला जातो. त्या समुद्रात भावी वारसदार कोण, हे कोणास सांगता आले असते काय?

जीवसृष्टीचा इतिहास पुन्हा आरंभापासून घडला, तर मानव अवतरेलच असे नाही, असे प्रतिपादन स्टीफन जे गूल्ड यांनी १९८९ साली केले. याच जीवाश्मांचे अभ्यासक सायमन कॉनवे मॉरिस यांना ते मान्य नाही. डोळा निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे विकसित झाला. निसर्गाच्या वाटा मर्यादित आहेत, असे त्यांचे म्हणणे.

हा वाद मिटलेला नाही. नैसर्गिक निवड हा जुगार नव्हे. परंतु कोणत्या कुळावर संकट केव्हा कोसळावे, हे ती ठरवीत नाही. लोपलेली जाती पुन्हा जन्मास येत नाही, हे मात्र निश्चित. म्हणून फळ्यावर जिना न काढता अनेक फांद्यांचा वृक्ष काढावा, आणि गळून पडलेल्या फांद्याही दाखवाव्यात. आपल्या गावच्या रानातील प्रत्येक जीव किती दुर्मीळ वारसा आहे, हे मुलांना त्यातूनच उमगेल.