आपला बर्फ विहिरीत

हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यातही पाणी असते, कारण हिवाळ्यात साठलेला बर्फ तेव्हा वितळतो. बर्फाचे अभ्यासक त्यात पोकळ नळी खुपसतात, नळीतल्या बर्फाचे वजन करतात आणि पुढे पाणी किती मिळेल ते ताडतात.

आपली पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. तिथे बर्फ नाही. आपला साठा जमिनीच्या पोटात, तो दिसतो विहिरीत. म्हणून पाऊस सरला की दोराला दगड बांधून काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजा. तारखेसह गटाच्या वहीत लिहा, मग दर महिन्याला मोजा. पाणी कमी दिसले, तर गव्हाऐवजी हरभरा पेरू, असे घरात वेळेवर सांगता येईल. नाहीतर उन्हाळ्यात हंडा आपल्याच डोक्यावर येतो.